हातानं ऐकणारे फुवा

फुवा कुठल्याही वस्तूशी ओळख करून घेताना तिच्यावर तळहात ठेवत. घरात नवा कूलर आला, पाहुण्याची मोटारसायकल दारात थांबली, विहिरीवरची मोटर सुरू झाली, की आधी हात सपाट टेकवायचा, डोळे मिटायचे, मान जराशी वाकडी करायची आणि मग निकाल द्यायचा. "बेअरिंग गेलंय." "याला कुणीतरी घाईत कसलंय." "चालेल अजून." एकदा आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चेष्टेनं स्वतःचा खांदाच पुढे केला. फुवांनी गंभीरपणे त्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "तंबाखू बंद करा, मग सांगतो."

फुवा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आत्या ही आबांची चुलतबहीण, आमच्या तुकईथड गावचीच. फुवा मूळचे महाराष्ट्रातले. कागदाच्या मिलमध्ये नोकरी लागली म्हणून इकडे आले, उमेदीची सगळी वर्षं मशीन हाऊसमध्ये घालवली आणि निवृत्त झाल्यावर बुऱ्हाणपुरात शनवारा भागातल्या एका गल्लीत दोन खोल्यांचं घर घेऊन राहिले. मशीन हाऊसचा आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला तो सांगून कळत नाही. तिथे माणसं कानांनी ऐकत नाहीत. समोरच्याचे ओठ वाचतात आणि मशीनवर हात ठेवून तिची तब्येत ओळखतात. फुवांनी तिथे हात कमावला आणि अर्धेअधिक कान घालवले.

ओठ वाचायची त्यांची विद्या आम्हा मुलांना जादूच वाटे. दापोऱ्याला माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात मांडवाच्या दुसऱ्या टोकाला वरपक्षाचे दोन वडीलधारे जेवत बसले होते. फुवा या टोकाला. ते आत्याला म्हणाले, "अवो, ते भाजीत मीठ नाही म्हणून राहिले." आत्या धावत चुलीकडे गेली. तक्रार निघायच्या आत मीठ पोचलं. वरपक्षाची माणसं चकित. "तुम्हाला कसं कळलं?" फुवा म्हणाले, "पाहुण्यांच्या तोंडाकडे बघावं, असं आमच्यात शिकवतात."

एका गोष्टीवर मात्र त्यांचा फार जीव होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि लाकडी पेट्यांचे दोन मोठे स्पीकर घेतले. बाहेरच्या खोलीत, समोरच्या भिंतीला दोन्ही स्पीकर अंतर राखून ठेवले आणि मधोमध स्वतःची खुर्ची. अभंग, भजनं, जुनी बैठकीची गाणी. त्यातही पखवाज असेल तर विचारूच नका. स्पीकरच्या पुढची जाळी काढून आतला गोल पडदा ते सगळ्यांना दाखवत. "कागद आहे हा. आमचाच माल. तिकडे मी कागद केला तेव्हा त्यानं मला बोलू दिलं नाही. आता तो बोलतो, मी ऐकतो."

त्यांना घाई होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की जे थोडं ऐकू येतंय तेही हळूहळू जाणार, थांबवता येणार नाही. काही वर्षं हातात आहेत, तेवढी ऐकून घ्या. ही गोष्ट मला फार पुढे आत्यानं सांगितली. पण वाचणाऱ्याला ती आधीच ठाऊक असलेली बरी, म्हणजे त्यांनी माझ्यासाठी काय केलं ते कळेल.

बारावीनंतर मला बुऱ्हाणपूरच्या कॉलेजात बी. एस्सी.ला प्रवेश मिळाला. आमच्या घरात कॉलेजचं तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं. आबा मला घेऊन आत्याकडे आले आणि ओसरीवर बसून राहिले, कारण काय मागायचं ते त्यांना सुचेना. फुवांनी त्यांच्या ओठांकडे पाहिलं. ओठ हलतच नव्हते. तरी ते म्हणाले, "राहू द्या तिला. बाहेरची खोली तिची."

बाहेरची खोली म्हणजे स्पीकरांची खोली. घरातली दुसरी खोली स्वयंपाकाची, तिथेच आत्या-फुवा झोपत. अभ्यासाचं टेबल ठेवायला जागा एकच होती, नेमकी स्पीकर होते तिथे. फुवांनी पहिल्याच दिवशी वायरी सोडवल्या, दोन्ही पेट्या उचलून पलंगाशेजारी एकावर एक ठेवल्या आणि टेबल भिंतीला लावलं.

"फुवा, तुमचं गाणं?" मी विचारलं.

"दुपारी ऐकीन. दुपारी काय काम असतं मला?"

मग तोच क्रम झाला. मी कॉलेजला गेले की ते टेबल सरकवत, स्पीकर जागेवर आणत, वायरी जोडत, ऐकत. मी यायच्या आत वायरी सोडवून, पेट्या पलंगाशेजारी ठेवून, टेबल पुसून मोकळं केलेलं असे. मला वाटे, माणूस रिकामा आहे, दुपार जात नाही, बरंच आहे. शनवाऱ्याच्या त्या गल्लीत दुपारी काय असतं हे मला कळायला एक सुट्टी लागली. पलीकडच्या भिंतीला लागून पॉवरलूम होते. दिवसभर खटखट खटखट, भांड्यातलं पाणीसुद्धा थरथरे. दिवेलागणीला ते लूम बंद होत आणि गल्ली एकदम निवे. ऐकण्यासारखी वेळ तीच. ती त्यांनी मला देऊन टाकली होती.

मी आत्याला म्हटलं, "मी लायब्ररीत बसत जाईन संध्याकाळी." आत्या तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तू त्याईला सांगून पाह्य." मी सांगितलं. फुवांनी माझ्या ओठांकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "काय म्हणतेस, कळलं नाही." ज्यांना मांडवाच्या त्या टोकावरचं मीठ कळलं होतं त्यांना हे कळलं नाही.

एकानं हेडफोन आणून दिले होते, तेही त्यांनी परत केले. "हे कानात घुसतं. हात कुठे ठेवू मी?"

रोज वायरी काढायच्या आणि रोज लावायच्या, याचा परिणाम व्हायचा तो झाला. वायरचं टोक सोलून, पीळ देऊन, स्पीकरच्या मागच्या नटाखाली दाबायचं अशी साधी पद्धत होती. रोजच्या काढघालीनं तांब्याचे बारीक तंतू तुटू लागले. एका दुपारी असाच एक मोकळा तंतू लाल नटावरून शेजारच्या काळ्या नटावर गेला. अ‍ॅम्प्लिफायरमधून जळका वास आला आणि गाणं मध्येच थांबलं. मी घरी आले तेव्हा फुवा त्या गार पडत चाललेल्या डब्यावर हात ठेवून बसले होते.

डबा दुरुस्त झाला. आणायला गेलो तेव्हा मी सोबत होते, कारण दुकानदाराला मान खाली घालून बोलायची सवय होती आणि फुवांना त्याचे ओठ दिसत नसत. तो बोले, मी फुवांकडे तोंड करून पुन्हा बोले. त्यानं काचेवर वायरच्या टोकाला लावायचे तीन प्रकार मांडले. एक सरळ सुईसारखी पिन. ती फुवांनी लगेच बाजूला केली, त्यांच्या स्पीकरला नट होते आणि नटाखाली पिन सरकते. दुसरा स्पेड, बैलाच्या खुरासारखा दुभंगलेला. तो नटाखाली घालून आवळायचा. तिसरा बनाना प्लग, मध्ये फुगीर, अंगाला स्प्रिंगसारख्या पट्ट्या. नटाच्या मागच्या भोकात नुसता खुपसायचा, पट्ट्या आतून धरून ठेवतात. ओढला की बाहेर.

"अंकलजी, स्पेड ले लो," दुकानदार म्हणाला. "एक बार कस दिया तो जिंदगीभर की छुट्टी. पकड इसीकी सबसे अच्छी."

मी सांगितलं. फुवांनी स्पेड हातात घेतला, अंगठ्यानं दाबून पाहिला, मान हलवली. चांगला होता. मग बनाना प्लग घेतला, डोळे मिटून एका नमुन्याच्या सॉकेटमध्ये घातला, काढला, पुन्हा घातला. एक सैल वाटला तो परत केला, दुसरा मागितला. बराच वेळ त्यांचं हे चाललं होतं.

"पकड स्पेडचीच चांगली, बरोबर बोलतो तो," फुवा मला म्हणाले. "पण त्याला सांग, मला जिंदगीभरचं नको. रोजचं पाहिजे."

आमचा मुलूख केळीच्या बागांचा. दुकानदार मान वर करून हसला. "केले के गाँव में केला ही लेंगे अंकल!" हे मी सांगायच्या आधीच फुवांना कळलं, आणि तेही हसले.

घरी त्यांनी मला प्लग बसवायला शिकवलं. वायर किती सोलायची? प्लगच्या आत जाईल तेवढीच. सोललेलं तांबं बाहेर दिसता कामा नये. "उघडं जितकं कमी, भांडण तितकं कमी," ते म्हणत, आणि हे आत्याकडे बघत म्हणत. आत्या म्हणे, "मला कायले ऐकवून राहिले?" पीळ द्यायचा तो एकाच दिशेनं. आतला स्क्रू घट्ट झाला की वायर ओढून बघायची, दयामाया न करता. लाल कड्याचा प्लग लाल नटात, काळ्या कड्याचा काळ्यात, दोन्ही स्पीकरांना सारखं. आणि शेवटची परीक्षा घड्याळातल्या सेलची. अ‍ॅम्प्लिफायरकडच्या टोकाचा लाल प्लग सेलच्या वरच्या टोकाला आणि काळा खालच्या टोकाला क्षणभर टेकवायचा, दुसऱ्या हाताचं बोट स्पीकरच्या पडद्यावर हलकेच ठेवायचं. पडदा टुक् करून बाहेर आला तर जोडणी बरोबर. आत गेला तर उलटी.

"दोघांनी एकाच वेळी बाहेर यावं," फुवा म्हणाले. "एक बाहेर, एक आत, असं झालं की घर चालत नाही."

दुसऱ्या वर्षी दसऱ्याला मी गावी गेले. मिलच्या माणसांत हत्यारांची पूजा फार मनापासून होते. फुवांची मशीन सुटली होती, पण सवय सुटली नव्हती. त्या दिवशी ते अ‍ॅम्प्लिफायरच्या आणि स्पीकरांच्या सगळ्या वायरी काढत, सगळं पुसत, पाटावर मांडत. आत्या पाटावरच्या एकेका वस्तूला ओलं कुंकू लावी, झेंडूचं फूल ठेवी. त्या वर्षी पाटावर बनाना प्लगही होते. आत्यानं प्रत्येकाला कुंकू लावलं, कारण पूजेत डावंउजवं करत नाहीत.

मी परत आले तेव्हा दोन्ही स्पीकर पलंगाशेजारी होते आणि त्यांच्यावर आत्याचं जुनं लुगडं टाकलेलं होतं. फुवा मागच्या दारी बसले होते. आत्या हळूच म्हणाली, तिला हळू बोलायची गरज नव्हती तरीही, "बंद केलं त्याईनं. म्हणते, कान गेले."

दसऱ्याच्या संध्याकाळी लूम बंद होते, मी नव्हते, घर त्यांचं होतं. पूजेनंतर त्यांनी सगळं जोडलं आणि कितीतरी दिवसांनी मनासारखं ऐकायला बसले. गाणारा ऐकू येत होता, टाळ ऐकू येत होते. पखवाज मात्र नव्हता. उठून त्यांनी पेटीवर तळहात ठेवला. हाताला पखवाज लागत होता, थाप न् थाप. कानाला काहीच नाही. हात कधी खोटं बोलत नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा विश्वास. म्हणजे खोट कानात. डॉक्टर म्हणाले होते तो दिवस आला. त्यांनी शांतपणे बटण बंद केलं आणि आत्याला लुगडं मागितलं.

मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. "फुवा, मला एकदा ऐकवा."

"आता कशाला? अभ्यास कर."

"एकदाच."

ते उठले. बहुधा मला नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती. पेट्या मांडल्या, प्लग घातले, तोच अभंग लावला. लूम बंद झाले होते. मी त्यांच्या खुर्चीत बसले आणि ऐकू लागले. गाणं पातळ वाटत होतं, ताकासारखं. मी वाट पाहिली. मग त्यांच्याकडे तोंड करून, ओठ नीट हलवत म्हटलं, "फुवा, मला पण पखवाज ऐकू येत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तसे ते माझ्याकडे पूर्वी कधी पाहत नसत, ओठांकडे पाहत. या वेळी डोळ्यांत पाहिलं.

"तुला पण नाही?"

"नाही."

मी भिंतीवरचं घड्याळ उतरवलं आणि सेल काढला. त्याच महिन्यात आम्हाला वर्गात लाटा शिकवल्या होत्या. एक लाट वर आणि दुसरी त्याच वेळी खाली असली की दोघी एकमेकींना खाऊन टाकतात, हे मी पाठ केलं होतं. ते आपल्या घरात घडू शकतं असं मनात आलं नव्हतं. पहिल्या स्पीकरच्या पडद्यावर मी फुवांचंच बोट ठेवलं आणि अ‍ॅम्प्लिफायरकडचे प्लग काढून त्यांना सेल टेकवला. टुक्. "बाहेर," ते म्हणाले. दुसऱ्यावर ठेवलं. टुक्. ते थांबले. "पुन्हा." मी पुन्हा टेकवला. "आत," ते म्हणाले. "आत जातोय हा!"

त्या स्पीकरच्या मागचे दोन्ही प्लग मी ओढून उजेडात धरले. काळ्या कड्यावर कुंकू सुकून बसलं होतं. फडक्यानं पुसलं तरी खाचांतून लालच दिसत होतं. फुवांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता, त्यांना दोन्ही कडी लाल. एक काळा लालच्या जागी गेला, लाल काळ्याच्या, आणि हवेत दोघांचे पखवाज एकमेकांना मिटवत राहिले. पेटीच्या लाकडात मात्र ते होतेच. हात खरंच खोटं बोलला नव्हता.

प्लग अदलून लावले. अभंग पुन्हा सुरू झाला आणि पहिलीच थाप खोलीभर पसरली. फुवा खुर्चीत बसले होते, दोन्ही हात मांडीवर. त्यांनी हात कशालाच लावला नाही. अभंग संपेपर्यंत आत्या दारात उभी होती. मग म्हणाली, "माझ्या कुंकवानं झालं हे सगळं?"

"तुझ्या कुंकवानंच तर चाललंय," फुवा म्हणाले, आणि त्यांचा आवाज एवढा मोठा होता की गल्लीतल्या दोघातिघांनी ऐकलं. आत्या लाजून आत गेली.

त्यानंतर त्यांना आणखी काही वर्षं मिळाली. त्यातल्या माझ्या शिक्षणाच्या संध्याकाळी त्यांनी माझ्याकडेच ठेवल्या; मी कितीही म्हटलं तरी क्रम बदलला नाही. फक्त रविवारी मी टेबल लावूच दिलं नाही. रविवारी आम्ही तिघं ऐकत असू. मी बी. एस्सी. झाले त्या दिवशी आबा केळीचा आख्खा घड खांद्यावर घेऊन शनवाऱ्यात आले. फुवांनी निकालाच्या कागदावर तळहात ठेवला, डोळे मिटले. "चालेल," म्हणाले.

पुढे बी. एड. झालं, बुऱ्हाणपूरबाहेरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी मिळाली, लहानसं घर झालं. तोवर फुवांचे कान पूर्णपणे गेले होते. माझं त्यांच्याशी बोलणं उलट सोपं झालं होतं. मी आवाज न काढता नुसते ओठ हलवी आणि ते उत्तर देत. बसमध्ये लोक आमच्याकडे बघत.

नव्या घरी ते आत्याला घेऊन रिक्षानं आले. रिक्षात दोन्ही स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर होते. माझ्या बैठकीच्या खोलीत त्यांनी जागा ठरवली, पेट्या लावून घेतल्या, आणि मग खिशातून एक पुडी काढली. तिच्यात स्पेड होते. जुने बनाना प्लग एकेक करून त्यांनी काढले, वायर नव्यानं सोलली, स्पेड चढवले, नटाखाली घालून पान्यानं आवळले. वेळ लागत होता, पण मी मध्ये हात घातला नाही.

"फुवा, बनाना काय वाईट होते?"

"ते रोजचे होते. तुझं घर आहे हे. इथून आता कुणी काही उचलायचं नाही." त्यांनी वायर ओढून पाहिली. "हे जिंदगीभरचं."

मग सेल मागितला. पडद्यावर बोट ठेवलं. बाहेर. दुसऱ्यावर. बाहेर. मी त्यांचा अभंग लावला आणि त्यांनी पेटीवर हात ठेवला.

"पखवाज आहे ना?" त्यांनी मला विचारलं. "हाताला आहे. तुला आहे ना?"

मी मान हलवली. "आहे," ओठांनी म्हटलं.

"मग झालं."

जाताना मी पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, आणि सवयीनं डोळे मिटून मान वाकडी केली. आत्या म्हणाली, "अवो, मोटर हाय का ती?" पण ते तिच्याकडे बघत नव्हते, त्यामुळे त्यांना ते कळलं नाही. बराच वेळ त्यांनी हात काढला नाही.

त्या हिवाळ्यात ते गेले. झोपेतच गेले. आत्या हल्ली तुकईथडला भावाकडे असते.

बनाना प्लग माझ्या टेबलाच्या खणात होते. परवा माझ्या मामेभावाची मुलगी कॉलेजसाठी आली. घरात दोनच खोल्या, टेबलाला जागा एकच. मी पाना घेतला आणि नट सैल केले. स्पेड काढले, पुडीत बांधले, खणात ठेवले. वायर सोलली, प्लगच्या आत जाईल तेवढीच. काळ्या कड्यांच्या खाचांत कुंकू अजून आहे. ते मी खरवडून काढलं नाही, नुसतं उजेडात धरून नीट पाहिलं आणि काळा काळ्यात घातला. सेल लावून दोन्ही पडदे पाहिले. मग वायरी ओढून पेट्या उचलल्या आणि पलंगाशेजारी ठेवल्या.

पोरगी पिशवी हातात घेऊन उभी होती. "आत्या, तुमचं गाणं?"

"दुपारी ऐकीन," मी म्हटलं.

दुपारी मी शाळेत असते, हे तिला अजून माहीत नव्हतं.